बोरदऱ्याचं निरंक

सोसायटीच्या फळ्यावर धर्मराजनं खडूनं लिहिलं, 'माहे फेब्रुवारी, डिझेल, मौजे बोरदरा', आणि पुढं एक शून्य काढलं. शून्य अगदी गोल काढलं. धर्मराजचं अक्षर पंचक्रोशीत नावाजलेलं, त्या अक्षरावरच त्याला सोसायटीचा सेक्रेटरी केलेलं होतं. अक्षर चांगलं असलं की माणसाला कळतंही चांगलं, असं आपल्याकडं धरून चालतात.

फळ्यासमोर इंजनवाले अकरा जण उभे होते. एकानं सरकारची आई काढली, दुसऱ्यानं अरबांची. अरबांनी तेल आवळलं, असं पेपरात आलेलं होतं. त्यामुळं वरून हुकूम सुटला होता की हरेक तालुक्यानं वीस टक्के डिझेल वाचवून दाखवायचं. कसं वाचवायचं ते हुकमात नव्हतं. हुकमात फक्त किती ते होतं.

त्या अकरा जणांत एक बाई होती. बायनाबाई. तिनं कुणाची आई काढली नाही. ती फळ्याजवळ गेली, शून्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "सेक्रेटरी, हे आलं कुठून?"

"तालुक्यावरून."

"तालुक्याला कुठून सापडलं?"

"आता ते मला काय माहीत, वहिनी? वरून आलं."

"कावून आलं, ते इचारते मी. दोनशे न्हाई, शंभर न्हाई, नेमकं हेच कावून?"

मागून कुणीतरी हसलं. गावात तिला 'कावूनबाई'च म्हणायचे. नाव पडलं ते दुष्काळात. बाहत्तर साली सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेलं, तेव्हा मोजणीदार खड्डे मोजायचा आणि बाया अंगठे द्यायच्या. बायनाबाईनं अंगठा द्यायच्या आधी विचारलं, "टेप अशी मधीच फुगती कावून?" बघितलं तर टेपच्या मधोमध वीतभर कोरी पट्टी शिवलेली निघाली. म्हणजे खड्डा मोठा आणि माप बारीक. चार महिने हजार बायांच्या घामातली ती वीत कुणी खाल्ली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्या दिवसापासून बायनाबाई कुठल्याही आकड्याचं तोंड उघडून बघितल्याशिवाय पुढं जात नसे.

आणि ह्या आकड्यावर तिचा दोन एकर गहू उभा होता. दोन साल सरकारी सुकडी आणि अमेरिकेचा तांबडा मिलो जोंधळा खाऊन काढल्यावर यंदा विहिरीला पाणी आलं होतं. गहू पेरायला उशीर झाला, पण आला कसा, तर बांधावरून हात फिरवावा असा. आता ओंबी बाहेर पडत होती. तिला दोन पाणी हवी होती. एक लगेच, एक दहा-बारा दिवसांनी. मोट धरावी तर बैल छावणीतून परत आलेच नव्हते. विजेचे खांब अजून केजच्या शिवारातच अडकलेले. राहिलं इंजन, आणि इंजनाला पाजायला फळ्यावरचं ते गोल शून्य.

"परिपत्रक दाखवा," ती म्हणाली.

धर्मराजनं वाचून दाखवलं. मागच्या वर्षी त्याच महिन्यात गावानं जेवढं डिझेल वापरलं, त्यात वीस टक्के कमी करून यंदाचं द्यायचं. एवढंच होतं. बायनाबाईनं बोटांवर हिशोब केला. मागच्या फेब्रुवारीत विहिरी कोरड्या होत्या हे खरं. पण गायरानातल्या विहिरीवर सोसायटीचं इंजन दिवसभर चालायचं. तिन्ही वाड्यांचं पिण्याचं पाणी तिथून होतं. दिवसाला दहा लिटर तरी जळायचं.

"महिन्याचं तीनशे झालं," ती म्हणाली. "वीस टक्के गेले तरी दोनशे चाळीस उरतंय. शून्य कसं?"

धर्मराजनं कान खाजवला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं ती तालुक्याला, केजला निघाली. नवरा रामहरी म्हणाला, "अगं, तिथं कोण ऐकणार तुझं?" ती म्हणाली, "ऐकू नका म्हणावं, नुसतं दाखवा." बरोबर पाशा मिस्त्रीला घेतलं. गायरानातलं इंजन दुष्काळभर त्यानंच चालवलं होतं. पाशाची शाळा निजामाच्या राज्यात झालेली. उर्दू तो घडाघडा वाचायचा, मराठी मात्र अक्षराला अक्षर लावून.

तहसीलमध्ये पुरवठ्याच्या टेबलावर राधाकिशन नावाचा कारकून होता. दोन दिवस न झोपल्यासारखे डोळे, कानावर पेन्सिल. तालुक्यातल्या एकशे बारा गावांचे टक्के त्याच्या एकट्याच्या मानेवर होते. बाईमाणूस टेबलाशी आलेलं बघून त्याला वाटलं रॉकेलच्या कार्डाचं काम असेल.

"रॉकेल न्हाई साहेब. बोरदऱ्याचं शून्य बघायला आलेय," बायनाबाई म्हणाली.

राधाकिशननं मान वर केली. त्या टेबलावर लोक डिझेल मागायला यायचे, चिठ्ठी आणायचे, धमकी द्यायचे. शून्य बघायला कुणी आलं नव्हतं. त्यानं फाईल काढली आणि कागद उलटे करून तिच्याकडं सरकवले.

"हे बघा. तुमच्याच सेक्रेटरीचे अहवाल. जानेवारी, वापर निरंक. फेब्रुवारी, निरंक. मार्च, निरंक. तिथून थेट परवाच्या जानेवारीपर्यंत सगळे निरंकच."

पाशानं कागदावर बोट ठेवलं. "नि. रं. क. ये क्या होता साहेब?"

"निरंक म्हणजे काही नाही. शून्य."

"असं कसं?" पाशा म्हणाला. "मी सोताच्या हातानं टिपाडं उचलून नेलीत इथल्या पंपावरून. गेल्या साली बी आन यंदा बी."

"पंपाचा कागद वेगळ्या टेबलावर जातो."

"ते टेबल कुठं हाय?" बायनाबाईनं विचारलं.

राधाकिशननं पेन्सिलीनं शेजारचं टेबल दाखवलं. दोन्ही टेबलांमध्ये हातभर जागा होती. त्या हातभर जागेतून दोन वर्षांत एकही कागद ओलांडून आला नव्हता.

बायनाबाईनं शेजारच्या टेबलाकडं बघितलं, मग परत फाईलकडं. फाईलवर एक मोठा तक्ता होता. गावाचं नाव आणि पुढं टक्के. तिला अक्षर येत नसलं तरी रस्त्याच्या कामावर आकडे पाठ झाले होते. बोरदऱ्यासमोर तीन आकडे होते, एक आणि दोन शून्यं.

"आमच्यापुढं शंभर कावून?"

"तुमची बचत शंभर टक्के."

"कशातून वाचवलं? मागं निरंक, आता निरंक."

 राधाकिशननं दाराकडं बघितलं, साहेब जेवायला गेलेले होते. मग आवाज उतरवून म्हणाला, "बाई, तुम्ही नीट विचारता म्हणून सांगतो. निरंकातून निरंक गेलं की काय लिहायचं हे परिपत्रकात नाही. शून्य टक्के लिहिलं असतं तर तालुका पडला असता. एकशे बारा गावांचे टक्के मिळवायचे आणि एकशे बारानं भागायचे. तुमच्यासकट निरंकवाली नऊ गावं आहेत, म्हणून एकवीसवर गेलो. नाहीतर मोठ्या गावांनी वाचवायचं सोडा, वाढवलंय. त्यांचं नाव कोण घेणार?"

"म्हंजे आमी जाळायचं न्हाई, आन वाचलं मोठ्या गावांचं."

"मी असं म्हटलं नाही."

"न्हाई म्हनलात तरी तक्ता म्हनतोय."

आकडा दुरुस्त करायचा तर अर्ज द्यायचा. अर्ज बीडला जाणार, बीडहून औरंगाबादला, परत यायला दोन महिने. दोन महिन्यांत गव्हाचं खळं झालेलं असतं, नाहीतर काड झालेलं असतं. तिनं अर्ज दिला. काय लिहिलं ते पाशाकडून दोनदा वाचून घेतलं आणि मगच अंगठा उठवला. निघताना राधाकिशन म्हणाला, "आणि हो, तुमच्या गावाला बक्षीस आहे. तालुक्यात पहिला नंबर, नऊ गावांत चिठ्ठी टाकून काढलाय. सोमवारी सत्कार. प्रशस्तिपत्र आणि दोन टिपाडं डिझेल."

पाशा मोठ्यानं हसला. "या अल्ला. न जाळल्याबद्दल जाळायला देतेत."

 परतीच्या एस.टी.त बायनाबाईला एकच गोष्ट खात होती. धर्मराज चोर नव्हता. चोर असता तर कोडं सुटलं असतं. डिझेल खाणारा माणूस 'वापरलं' म्हणून लिहितो, 'नाही वापरलं' म्हणून कशाला लिहील? मग त्यानं असं लिहिलं कावून?

सोसायटीत धर्मराज नवा अहवालच भरत बसला होता.

"सेक्रेटरी, निरंक म्हंजे काय?"

"निरंक?" धर्मराज हसला. "एवढं बी माहीत न्हाई वहिनी? निरंक म्हंजे सगळं ठीक हाय."

"कुणी शिकवलं?"

"शिकवायचं काय त्यात. ही बघा जुनी फाईल. तक्रारी, निरंक. अफरातफर, निरंक. जळीत, निरंक. माझ्याआधीचे सेक्रेटरी बी हेच लिवायचे. जिथं काही बोंब न्हाई तिथं निरंक लिवायचं. मी एकदा नवा होतो तवा खरे आकडे भरले, तर कागद चार येळा परत आला. बेरीज लागत न्हाई, खुलासा द्या, अमुक द्या. मग सगळीकडं निरंक भरलं. त्या दिवसापासून एक कागद माघारी आलेला न्हाई."

पाशानं कपाळ धरलं. "अबे धर्मराज, निरंक म्हंजे कायच न्हाई. जीरो."

"काय सांगतो?"

"दोन साल तू लिवतोस की बोरदऱ्यात डिझलचा थेंब जळत न्हाई. आन वरचे म्हनतेत, बराबर हाय, मग देऊ नका."

धर्मराजनं लेखणी खाली ठेवली. सुंदर, वळणदार अक्षरातले चोवीस निरंक त्याच्यासमोर पडले होते. "वहिनी," तो म्हणाला, "मी पोरांच्या शाळेच्या फारमवर बी लिवलं. वडिलांचा धंदा, निरंक."

बायनाबाईला हसू आलं. राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. राग कुणाचा करायचा? खरं लिहिलं तर कागद परत पाठवणारे आणि खोटं लिहिलं तर निमूट ठेवून घेणारे, ह्यांनीच तर धर्मराजला हा शब्द शिकवला. दोन वर्षांत एकाही साहेबाला वाटलं नाही की अकरा इंजनं असलेलं गाव एक थेंबही जाळत नाही हे कसं? वाटलं नाही, कारण ते त्यांच्या सोयीचं होतं. उद्या गाव पाण्यावाचून मेलं तर हे लोक पाण्याची बचत म्हणून लिहून घेतील.

रविवारी पारावर बसून ठरवायचं होतं. चेरमन बबनरावांना सत्कार पाहिजेच होता, त्यांनी फेटा धुवायला टाकलेला. काही जण म्हणाले, बक्षीस घेतलं तर निरंक खरं होतं असं कबूल केल्यासारखं होईल, पुढच्या साली बी शून्यच. काही म्हणाले, घेतलं नाही तर गहू आठ दिवसांत करपतोय. दोन्ही बाजू खऱ्या होत्या. शेवटी सगळ्यांनी बायनाबाईकडं बघितलं.

"टिपाडं घ्यायची," ती म्हणाली. "गव्हाला निरंक पाजता येत न्हाई. पण एक हाय. पुढचा कागद माझ्यासमोर भरायचा. जळालं तेवढं लिवायचं, लिटराला लिटर."

"त्यानं काय व्हईल?" बबनरावांनी विचारलं.

"ते मला बी माहीत न्हाई. बघू की काय व्हतंय."

सोमवारी केजला मांडव होता. बीडहून आलेल्या साहेबांनी बबनरावांच्या हातात काचेत बसवलेलं प्रशस्तिपत्र दिलं, फोटो काढला. मग त्यांना कुणीतरी सांगितलं की ह्या गावात बायासुद्धा इंजन चालवतात. त्यांनी बायनाबाईला पुढं बोलावलं आणि विचारलं, "सांगा ताई, शंभर टक्के बचत कशी साधली?"

"आमी कायच केलं न्हाई, साहेब," बायनाबाई म्हणाली.

सगळ्या मांडवानं टाळ्या वाजवल्या. किती नम्र बाई, असं साहेब शेजारच्याला म्हणाले. मागं खुर्चीवर बसलेल्या राधाकिशननं तेवढी मान खाली घातली.

दोन टिपाडं म्हणजे चारशे लिटर. पाशानं पत्र्याच्या मापट्यानं मोजून अकरा जणांना छत्तीस-छत्तीस लिटर घातलं आणि तळाचं उरलेलं चार लिटर पिण्याच्या विहिरीला ठेवलं. दोन एकराच्या एका पाण्याला चोवीस लिटर लागतं. म्हणजे एक पूर्ण पाणी झालं, दुसरं अर्ध्यात थांबणार. बायनाबाईनं पहिलं पाणी दिलं. मग उरलेल्या बारा लिटरांचं गणित तिनं लांबवलं नाही. जमीन अजून पाणी मागत होती, आणि झाकून ठेवलेलं डिझेल शेजारणीच्या नजरेत येतं. चौथ्या दिवशी खालच्या एकराला पुन्हा पाणी फिरवलं आणि इंजन थंड केलं. वरचा एकर तसाच राहिला.

टंचाईत अहवाल पंधरा दिवसांनी जायचा. पंधरा तारखेला धर्मराज कागद घेऊन तिच्या ओट्यावर येऊन बसला. वापर ह्या रकान्यात त्यानं लिहिलं, चारशे लिटर. अक्षर पहिल्यांदा वाईट आलं.

आठ दिवस काहीच झालं नाही. बायनाबाई रोज वरच्या एकरात जाऊन ओंबी चिमटून बघायची. दाण्यात चीक होता, अजून होता. पानांची टोकं मात्र पिवळी व्हायला लागली होती.

नवव्या दिवशी दुपारच्या गाडीनं राधाकिशन स्वतः आला. काखेत फाईल, चपलेत माती. बायनाबाई बांधावर बसली होती, तिथंच आला.

"बाई, तुम्ही काय करून ठेवलंय," तो म्हणाला.

"खरं लिवलं."

"मागचं निरंक. आताचं चारशे. वाढ किती टक्के?" त्यानं फाईल उघडून दाखवली. तक्त्यात बोरदऱ्यापुढं खोडून खोडून कागद फाटला होता. "चारशे टक्के लिहिलं तर साहेब म्हणाले चूक. हजार लिहिलं तर चूक. हायस्कूलच्या गणिताच्या सरांकडं गेलो. ते म्हणाले, निरंकानं भागाकार होतच नाही, होणारही नाही. रकाना कोरा पाठवला तर बीडनं सगळा तालुका परत केला. एकशे बारा गावांचं डिझेल तुमच्या एका रकान्यापायी अडकून पडलंय."

बायनाबाईनं त्याच्याकडं निरखून बघितलं. तिला हे भारी नवल वाटलं. अर्ज करून जे हललं नाही, साहेबासमोर उभं राहून जे हललं नाही, ते एका भागाकारापुढं येऊन गुडघ्यावर बसलं होतं.

"मंग आता कसं?"

"मागच्या फेब्रुवारीत खरं किती जळालं ते सांगा. काहीतरी आकडा द्या, म्हणजे भागता येईल."

"काहीतरी न्हाई. खरा देते. पाशाभाईला बोलवा रे कुणीतरी."

पाशा आला आणि त्यांना गायरानातल्या इंजनापाशी घेऊन गेला. टाकीच्या पत्र्यावर खिळ्यानं ओरखडलेल्या रेघा होत्या. "दर तीस लिटराला एक रेघ," तो म्हणाला. "टाकी कवा गळती ते कळावं म्हणून मारत होतो. ह्या उभ्या रेघा जानेवारीच्या, ह्या आडव्या फेब्रुवारीच्या. मोजा." राधाकिशननं बोटानं मोजल्या. दहा आडव्या रेघा होत्या. मग त्यानं खिशातून पंपाच्या पावत्यांची नक्कल काढली. त्या हातभर जागेतून शेवटी कागद आला होता तर. नकलेतही तीनशेच होते.

"तीनशेवर चारशे, म्हणजे तेहतीस टक्के वाढ," तो लिहिता लिहिता म्हणाला. "तालुका वीसच्या खाली येतोय, बाई. पावणेवीस होणार."

"जेवढा हाय तेवढा व्हऊ द्या."

"आणि तुमची शंभर टक्क्यांची पाटी?"

"काच चांगली हाय. चेरमनला आरसा करायला सांगू."

राधाकिशन हसला, बऱ्याच दिवसांनी हसल्यासारखा. इतर आठ निरंकवाल्या गावांचं काय, असं तिनं विचारलं. तो फाईल बांधत म्हणाला, "त्यांनी कुणी अजून चारशे लिहिलेलं नाही."

"मग धर्मराज जाईल सांगायला. अक्षर चांगलं हाय त्याचं."

फेब्रुवारी सरता सरता फळ्यावर नवा आकडा चढला, दोनशे चाळीस. अकरा जणांत वाटून बाविसाच्या आत आलं. बायनाबाईच्या वरच्या एकराला पाणी मिळालं, पण चीक आटल्यावर मिळालं. खालच्या एकराचा दाणा टपोरा झाला, वरचा बारीक, सुरकुतलेला. एकाच विहिरीचा, एकाच बियाण्याचा गहू दोन ढिगांत पडला. तिनं दोन्ही ढिगांतून एकेक मूठ वेगळी बांधून ठेवली. कुणी विचारलं तर दाखवायला.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्याचा कागद भरायला धर्मराज पुन्हा ओट्यावर आला. वापर लिहिला, इंजनं लिहिली, सगळं विचारून विचारून. शेवटच्या रकान्यापाशी त्याची लेखणी थांबली.

"वहिनी, तक्रारी असा रकाना हाय. हितं निरंक लिवू का? हितं तरी बराबर हाय ना?"

बायनाबाईनं आत जाऊन दोन्ही गाठोडी आणली आणि सोडून त्याच्यासमोर ठेवली, टपोरा गहू एकीकडं, सुरकुतलेला एकीकडं.

"थांब," ती म्हणाली. "तेवढ्या रकान्यात मावायचं न्हाई. मागं कागद जोड."